बोरन्हाणाचं आमंत्रण

“काकीसा, तुम्ही आमच्या बापूच्या बोरन्हाणाला याल का?”

विनयानं हा प्रश्न हिंदीत विचारला, आणि तोही असा खणखणीत, की शाळेच्या स्नेहसंमेलनात अगदी शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा. मागं झाडाआड अलका आणि मधुमती एकमेकींच्या दंडाला चिमटे काढत, हसू दाबत उभ्या होत्या. पैज अलकाची होती. “विचारून दाखव! विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर मी उचलीन,” असं ती म्हणाली होती. विनयानं वेणी मागं टाकली आणि सरळ सुगनाबाईंच्या बाजेपुढं जाऊन उभी राहिली. गेल्याच महिन्यात वक्तृत्वाची ढाल पटकावली होती तिनं. तेव्हापासून तिला वाटायचं, आपण तोंड उघडलं की जग ऐकतं.

खातीपुऱ्याच्या पुढं, रुळांपलीकडे, सुगनाबाईंची बोरांची बाग होती. थंडीतल्या रविवारी जयपुरातली कुटुंबंच्या कुटुंबं तिथं यायची. बागेची रीत सोपी होती. आपल्या हातानं तोडा, झाडाखाली बसून पोट भरेल तितकी खा, त्याचं कुणी काही विचारणार नाही. बांधून न्यायची तेवढी मात्र फाटकाजवळ तोलून घ्या. मुलांना हे इतकं आवडायचं की परतताना टांग्यात निम्मी मुलं पोट धरून बसलेली असत.

आज बनी पार्कमधली तीन मराठी घरं मिळून आली होती. विनयाचे बाबा आनंदराव सरकारी हिशेब खात्यात मोठे जबाबदार अधिकारी, पण या घटकेला ते बोरीच्या काट्यांत कोटाच्या बाहीसकट अडकले होते आणि “अगं रमा, हलू नको म्हणतेस, पण मी हललोच नाहीये, झाड हलतंय!” असं ओरडत होते. आई हसत हसत एकेक काटा सोडवत होती. सतरंजीवर दहा महिन्यांचा बापू मूठभर माती तोंडात घालायच्या बेतात होता. पंधराव्या वर्षी घरात भाऊ आला म्हणून विनया आधी शाळेत कुणाला सांगतही नव्हती. आता मात्र ‘माझा बापू’, ‘आमचा बापू’ याशिवाय तिचं वाक्य पुरं होत नसे.

बापूचं हे पहिलंच बोरन्हाण, म्हणून तर ही सहल. काळं झबलं शिवून झालं होतं, आईनं शेगडीपुढं बसून बोटं भाजेपर्यंत हलवा करून त्याचे दागिने ओवले होते. राहिली होती फक्त बोरं. बागेतली बाकीची बोरं कलमी, लांबट, एकेक अंड्याएवढी. ती बाळाच्या डोक्यावर ओतली तर टेंगळंच यायची. बारकी, गोल, लाल बोरं लागायची फक्त एकाच झाडाला, विहिरीजवळच्या गावठी बोरीला.

दर वर्षी कुणी ना कुणी मराठी बाई त्या झाडाची बोरं न्यायला यायची आणि दर वर्षी सुगनाबाई विचारायच्या, “या बारक्यांचं करता काय तुम्ही दक्खणी लोक?” मग ती बाई अडखळत्या हिंदीत सांगायची, “बच्चे के सिर पे डालते हैं.” त्यावर सुगनाबाईंचं ठरलेलं उत्तर, “माणसाचं बच्चं आहे का बकरीचं?” एवढं बोलून तोंड फिरवायच्या. हसायच्या नाहीत. त्यांना हसताना कुणी पाहिलंच नव्हतं. मघाशी अलकाच्या हातून एक फांदी मोडली तर अशा कडाडल्या होत्या की तिच्या ओंजळीतली बोरंच सांडली. अशा बाईला हळदीकुंकवाच्या बायकांत नेऊन बसवायची कल्पनाच तिघींना इतकी मजेची वाटली होती, की त्या पाच मिनिटं लोळून हसल्या होत्या. त्यातूनच ही पैज निघाली.

प्रश्न ऐकून सुगनाबाईंच्या हातातला तराजू तसाच थांबला.

“मला?” त्या म्हणाल्या.

“तुम्हांलाच! दर वर्षी विचारता ना, बोरांचं काय करतात म्हणून? या, आणि बघाच डोळ्यांनी!” विनयाला आता सूर सापडला होता. ढालीच्या दिवशी सापडला होता तसाच.

“खरंच म्हणतेस? सांची?”

“सांची!”

“कधी?”

“पुढच्या रविवारी. चार वाजता.”

इथं थांबायला हरकत नव्हती. पैज जिंकून झाली होती. पण बोलायला लागली की थांबेल ती विनया कसली! तिनं पत्ता सांगितला, पाण्याच्या टाकीवरून डावीकडे, निळं फाटक, दारात पारिजातक. वर हात जोडून, “तुमच्याशिवाय आमच्या बापूचं न्हाण होणारच नाही,” असंही म्हणाली. झाडामागून फुर्रकन हसू फुटल्याचा आवाज आला. सुगनाबाईंना तो ऐकू गेला नाही. त्या विनयाकडे पाहत होत्या आणि त्यांच्या कोरड्या, रापलेल्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उजळत होतं.

“मग आज त्या झाडाला हात लावू नका,” त्या म्हणाल्या. “अजून चार-सहा दिवस उन्हात राहिली की लाल होतील. मी निवडून स्वतः घेऊन येईन. आऊंली, हां, आऊंली.”

विनया परत आली तेव्हा आईनं विचारलं, “काय गं, बारकी बोरं?”

“आज नाही. मतलब, अजून लाल नाही झाली. बाई म्हणाली, रविवारी घरी आणून देईल.”

“अगंबाई, बरं झालं. गुणाची गं माझी! तुझ्याइतकं हिंदी मला येत असतं तर...”

आणून देईल. शब्द तसे खरेच होते. विनयानं पुढचं सांगितलं नाही, कारण सांगायला लागली असती तर पैजही सांगावी लागली असती. आणि तशीही, कोण येतंय एवढ्या लांबून? आठवड्यात संक्रांत आली, अख्खं शहर गच्चीवर चढलं, पतंगांच्या मांज्यानं विनयाच्या बोटाला चीर पडली. दप्तर अलका उचलत होती. सुगनाबाई तिला आठवल्यासुद्धा नाहीत.

रविवारी दुपारी घर बायकांनी भरून गेलं. सी-स्कीम वस्तीतून बाबांच्या मोठ्या साहेबांच्या पत्नी अनुसयाबाई मोटारीतून आल्या तेव्हा आईनं उगाचच पदर दोनदा सारखा केला. दारात चपलांचा ढीग झाला. बापूला पाटावर बसवला होता. काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, हातात हलव्याचं वाळं, जे तो एव्हाना चाखूही लागला होता. उसाचे करवे, बत्तासे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे सगळं परातीत मांडलेलं. परातीच्या मधोमध बोरांसाठी जागा ठेवलेली.

“आली नाही गं तुझी बोरंवाली,” आई विनयाच्या कानाशी म्हणाली. तेवढ्यात फाटक वाजलं.

सुगनाबाईच होत्या. बागेत त्या कायम मळक्या ओढणीत असायच्या. आज त्यांनी लालजर्द चुनरी घेतली होती, घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. गळ्यात चांदीची हंसळी, डोळ्यांत काजळ. डोक्यावर टोपली, तिच्यावर पांढरं फडकं. पायऱ्यांशी थांबून त्यांनी आपल्या मोजड्या काढल्या आणि इतर बायकांच्या चपलांमध्ये नीट जोडून ठेवल्या. मग ओढणी सारखी करून त्या उंबरा ओलांडून आत आल्या.

आई लगबगीनं पुढं झाली. “अच्छा हुआ, टाइम पे आया. लाओ, इधर दो.” तिनं टोपली दोन्ही हातांनी उतरवून घेतली. “कितना हुआ? पीछे के दरवाजे पे आओ, मैं देती है.”

सुगनाबाईंना आधी कळलंच नाही. त्यांनी बापूकडे पाहिलं, मुकुटाकडे पाहिलं आणि चक्क हसल्या. त्यांचे दात पांढरेशुभ्र होते. मग त्यांना आईचे शब्द पोचले असावेत.

“पैसे कशाचे?” त्या म्हणाल्या. “मला बोलावलंय. या मुलीनं बोलावलंय.” आणि त्यांनी हनुवटीनं विनयाकडे दाखवलं.

खोलीतल्या सगळ्या माना वळल्या. अनुसयाबाईंची एक भुवई वर गेली. खिडकीपाशी अलकानं तोंडावर हात दाबला, मधुमतीनं तिच्या खांद्यात तोंड खुपसलं, आणि दोघींची पाठ गदगदा हलायला लागली.

“विनू?” आईनं विचारलं. “तू बोलावलंस यांना?”

एक शब्द पुरला असता. हो. आई गोंधळली असती, पण तिनं लगेच पाट मांडला असता. आई तशी होती. विनयाला हे त्याही क्षणी ठाऊक होतं. पण भुवई तशीच वर होती, मैत्रिणी हसत होत्या, आणि सगळ्या सभागृहाला खिळवून ठेवणारी विनया नुसती हसली. कसंनुसं, खोटं.

“नाही गं आई, मी कुठं... मतलब, वो तो मैंने मज़ाक में कहा था.”

मराठीत बोलली असती तर निदान त्यांना समजलं तरी नसतं. पण या घरात वाक्य सुरू एका भाषेत व्हायचं आणि संपायचं दुसऱ्या. आजही तसंच झालं, आणि नेमकं ते शेवटचं अर्धं वाक्य हिंदीत गेलं. स्वच्छ, स्पष्ट, वक्तृत्वाच्या उच्चारांत.

सुगनाबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या, फांदी मोडल्यावर कडाडल्या तशा, तर किती बरं झालं असतं! त्या विनयाकडे नुसत्या बघत राहिल्या. त्यांचा उजवा हात कमरेच्या बटव्याशी गेला होता. बोटांत जरीचा गोटा लावलेलं एक इवलंसं लाल टोपडं अर्धं बाहेर आलं होतं. ते त्यांनी बोटानं हळूच परत आत सारलं.

“हां,” त्या म्हणाल्या. “हांसी करी छी. थट्टाच केली होती. पोरींचं वयच आहे.”

“नहीं नहीं, बैठो ना! बैठो आप!” आईला आता काय झालं ते उमगलं होतं. तिचा चेहरा लालबुंद झाला. “मेरा चूक हो गया. तिळगूळ लो. बैठो, देखो बच्चे का...”

“बाग उघडी टाकून आलेय,” सुगनाबाई म्हणाल्या. तिळगूळ त्यांनी ओढणीच्या टोकात घेतला, कपाळाला लावला, ओढणी पुढं ओढून चेहरा झाकला आणि मागं वळल्या.

मग मोजड्या सापडेनात. तेवढ्यात मागून आलेल्या कुणी आपल्या चपला त्या मोजड्यांवरच काढल्या होत्या. सुगनाबाई वाकून त्या ढिगात शोधत राहिल्या, एक मिळाली, दुसरी मिळेना. विनया दारापासून दोन हातांवर उभी होती. तिला ती दुसरी मोजडी दिसत होती, कुणाच्या तरी उंच टाचेच्या चपलेखाली. वाकायचं होतं आणि ती हातात द्यायची होती. इतकंच. पण ती वाकली नाही. शेवटी सुगनाबाईंनाच ती मिळाली. त्यांनी ती झटकली, पायात घातली, आणि फाटक आपल्या हातानं हळू लावून घेऊन त्या गेल्या.

“चला, बाळ कंटाळलंय,” कुणीतरी म्हणालं, आणि खोलीला पुन्हा आवाज फुटला.

आईनं टोपलीवरचं फडकं काढलं. बोरं एकजात लाल, एकाच आकाराची. प्रत्येकाचा देठ खुडलेला, पुसून लख्ख केलेली. बाळाच्या डोक्याला बोचू नयेत म्हणून कुणीतरी तासन्‌तास बसून एकेक हातात घेतल्याशिवाय अशी होत नाहीत.

“रमाबाई, कुठून मिळवलीत हो ही?” अनुसयाबाईंनी ओंजळ भरून घेतली. “अगदी पोवळ्यासारखी!”

आईनं टोपली परातीच्या मधोमध उपडी केली.

मापानं बोरं बापूच्या डोक्यावरून ओघळली. तो आधी दचकला, मग टाळ्या पिटून खिदळायला लागला. पोरांची झुंबड उडाली, हात, कोपर, ओरडाआरडा. “विनया, ये ना, तू मोठी बहीण, तुझ्या हातचं माप राहिलं!” विनयानं माप धरलं. तिचा हात परातीपर्यंत गेला आणि थांबला. त्या बोरांना हात लावायचा आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटलं. वाटलं म्हणजे अगदी बोटांत वाटलं, चटका बसावा तसं. “मला पाणी हवंय,” असं काहीतरी पुटपुटून ती मागच्या अंगणात निघून गेली.

अलका तिच्या पाठोपाठ आली. फुगलेल्या ओच्यात तिनं बोरं भरली होती. “अगं, रडतेस काय? तू तर कमाल केलीस! खरंच आली की गं ती, नटूनथटून! आणि ती हंसळी! मी तर मरते की काय असं...”

“गप्प बस, अलका.”

“आता माझ्यावर का ओरडतेस? मी फक्त विचार म्हटलं होतं. पत्ता मी द्यायला सांगितला होता का?”

हे खरं होतं, म्हणून ते जास्त लागलं. पत्ता तिनं स्वतःच्या हौसेनं दिला होता. हातही आपणहून जोडले होते. ‘तुमच्याशिवाय न्हाण होणार नाही’ हे वाक्य तर तिला तेव्हा इतकं आवडलं होतं, की टांग्यात तिनं ते मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिलं होतं. आणि तेच वाक्य ऐकून त्या बाईंनी पेटीतली चुनरी काढली असेल. टोपड्याला गोटा लावायला बसल्या असतील. डोळ्यांत काजळ घालताना आरशात स्वतःला काय म्हणाल्या असतील? विनयानं डोळे मिटून घेतले. आपलाच आवाज पुन्हा पुन्हा ऐकू येत होता, मज़ाक में, मज़ाक में. आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला तो आवाज ऐकवेना.

दिवेलागणीला पाहुण्या गेल्या. बापू पेंगुळला होता. आई सतरंजीखालची बोरं गोळा करत होती. बाबा बाहेरच्या खोलीतून आले तेव्हा घरात काहीतरी बिनसलंय हे त्यांच्या लक्षात आलं.

“काय झालं?”

“काय व्हायचं? दारात आलेल्या बाईला मी पैसे विचारले,” आई म्हणाली. “मागच्या दारानं ये म्हटलं. मला काय ठाऊक? ही म्हणाली, आणून देणार आहे. मला वाटलं...”

“तुझी चूक नाही, आई,” विनया म्हणाली. “मी बोलावलं होतं त्यांना. पत्ता दिला, वेळ दिली. अलकानं पैज लावली म्हणून विचारलं, आणि तुला अर्धंच सांगितलं. आणि मघाशी तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले. त्या बाईंच्या तोंडावर.”

बाबा खुर्चीत बसले. त्यांनी चष्मा काढून पुसला. “वाईट झालं,” ते म्हणाले. विनयाला वाटलं होतं ते चिडतील, पण त्यांचा आवाज नुसताच खाली गेला होता. “फार वाईट झालं. उद्या चपराशाला पाठवतो. एक चांगलं लुगडं, नारळ, मिठाई.”

“हो, आणि चिठ्ठी नको, तोंडी सांगायला सांगा,” आई म्हणाली. “ती ओढणी घेते, लुगडं कशाला? ओढणीच आणू बाजारातून.”

“नाही,” विनया म्हणाली.

दोघांनी वर पाहिलं.

“चपराशी नको. मिठाई नको. मागच्या दारानं पाठवल्यासारखंच होईल ते.”

“मग काय करायचं म्हणतेस? आमच्यासारख्यांनी जाऊन पाय धरायचे?” आई म्हणाली, पण तिच्या बोलण्यात जोर नव्हता.

“तुम्ही नाही, मी. रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण करता येतं, तूच म्हणतेस ना?”

“येतं. पण एकदा झालेलं पुन्हा कोण करतं?”

“आपण करायचं. मी ठरवलंय.” तिचा आवाज कापत होता, सभेतल्यासारखा मुळीच नव्हता, आणि तिनं तो सावरायचाही प्रयत्न केला नाही. “येत्या रविवारी मी बापूला घेऊन बागेत जाणार आहे. अलका आणि मधुमतीलाही नेणार. नाही आल्या तर फरफटत नेईन, कारण त्यांच्या देखतच मला सांगायचंय की मज़ाक म्हणाले ते खोटं होतं आणि भित्रेपणाचं होतं. मग बापूला त्यांच्या बाजेवर बसवीन. त्यांची इच्छा असली तर त्यांच्या हातानं, त्यांच्या झाडाखाली होईल. नाही म्हणाल्या, हाकलून दिलं, तर मुकाट्यानं परत येईन, आणि तेही मला कमीच असेल. तुम्ही दोघं आलात तर मला फार बरं वाटेल. पण नाही आलात, तरी मी जाणार.”

आईनं ओंजळीतली बोरं परातीत ठेवली. बाबा चष्मा घालायचा विसरून तिच्याकडे बघत राहिले.

“आणि हलव्याचे दागिने मोडू नकोस, आई,” विनया म्हणाली. “रविवारी तेच लागतील.”